बल, वजन आणि फ्री बॉडी डायग्रॅम: नववीच्या पोरांना सुरुवात कुठून करून द्यावी?

विज्ञान_देवगड

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलला आठवी ते दहावी विज्ञान घेते. आठवीत बल व दाब होऊन गेलेलं असतं आणि नववीला पहिलाच धडा गतीचे नियम, त्यामुळे कागदावर पोरांना सगळं येतं. व्याख्या विचारा, घडाघडा म्हणून दाखवतात, एफ बरोबर एमए (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण) टाकून उदाहरणं पण सोडवतात. पण परवा मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि फळ्यावर फक्त एक सुपारी काढली, सांगितलं की ही मी वर उडवलीय, हात सुटलाय, अजून वर चाललीय, तर आत्ता हिच्यावर कुठली बलं लागतायत ते बाण काढून दाखवा. जवळपास सगळ्या वर्गाने वरच्या दिशेने एक मोठा बाण काढला आणि शेजारी लिहिलं "हाताचं बल". काहींनी खाली छोटा बाण काढला गुरुत्वाकर्षणाचा, आणि वरचा मोठा का तर सुपारी वर चाललीय ना म्हणून.

मग टेबलावर ठेवलेलं पुस्तक दिलं. तिथे उलटंच. खालचा बाण सगळ्यांचा बरोबर, वरचा बऱ्याच जणांचा गायब. मी म्हटलं टेबल पण वर ढकलतंय की, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, टेबल खंय ढकलता? ता नुसता उभा आसा." आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्न आवडला, कारण तो खरा प्रश्न आहे, बाकीच्यांनी ज्यांनी वरचा बाण काढला होता त्यांनी तो पाठ आहे म्हणून काढला होता.

तर मला विचारायचंय की सुरुवात नेमकी कुठून करावी. आधी वस्तुमान आणि वजन यातला फरक पक्का करावा आणि मग बाण, की आधी बाण? फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे एकाच वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवायचं चित्र, नववीत शिकवावा का, की अकरावीवाल्यांवर सोडून द्यावा? वर्गात मुलं बरीच आहेत, लॅबमध्ये हुकाचे दोन स्प्रिंगकाटे आहेत चालू स्थितीत आणि माझ्याकडे घरचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहे. बाकी काही जमवायचं तर गावात मिळेल ते. तुमचा अनुभव सांगा प्लीज, तास पुढच्या आठवड्यातच आहेत.

---

कातळसडा

मॅडम, नववीतच शिकवा, अजिबात सोडू नका. अकरावीत पोर येईपर्यंत "चालत्या वस्तूवर चालत्या दिशेने बल असतंच" ही समजूत इतकी मुरलेली असते की मग ती निघता निघत नाही. मी राजापूरकडच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवून आता निवृत्त झालोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे बाण काढायच्या आधी बाण काढायचे नाहीत. आधी नुसते गोल काढायचे. सुपारी हा एक गोल, हात एक गोल, पृथ्वी एक गोल, हवा एक गोल. मग प्रश्न एकच विचारायचा, या क्षणी सुपारीला कोण कोण शिवतंय? जो शिवतोय त्याच्यापासून सुपारीपर्यंत रेघ. हात सुटलाय म्हणजे हाताची रेघ नाही. हवा शिवते, तिची रेघ, पण सुपारी जड आणि वेग कमी म्हणून ती आपण सध्या सोडून देऊ असं मुलांना सांगून सोडायची, गुपचूप नाही. आणि मग न शिवता ओढणारी म्हणजे पृथ्वी, तिची तुटक रेघ. शाळेच्या पातळीवर न शिवता लागणारी बलं तीनच, गुरुत्वाकर्षण, चुंबकाचं आणि विद्युतभाराचं, बाकी झाडून सगळी शिवूनच लागतात. जितक्या रेघा तितकेच बाण, एक जास्त नाही एक कमी नाही. परदेशात याला सिस्टीम स्कीमा म्हणतात पण नावाशी आपल्याला काही घेणं नाही, गोल आणि रेघा म्हटलं तरी काम होतं.

दुसरी गोष्ट, बाणाला नाव देताना "हाताचं बल", "टेबलाचं बल" असं अर्धवट नाव चालवून घ्यायचं नाही. कोणाचं आणि कोणावर, दोन्ही पाहिजे. पृथ्वीचं सुपारीवर. टेबलाचं पुस्तकावर. ज्या बाणाच्या पहिल्या जागी कुठल्या वस्तूचं नाव टाकता येत नाही तो बाण खोटा, पुसून टाकायचा. तुमच्या पोरांना त्या वरच्या बाणाला नाव द्यायला लावा. "हाताचं सुपारीवर" म्हणतील, मग विचारा हात आत्ता कुठे आहे. इथे वर्गात शांतता होते आणि मग कोणीतरी म्हणतं, मग ती वर जाते कशी? हाच प्रश्न आपल्याला पाहिजे असतो. उत्तर असं की वर जायला बल लागत नाही, वर जाणं तिच्याकडे आधीच आहे, वेग ही तिची स्वतःची गोष्ट आहे आणि बल नेहमी दुसऱ्याकडून यावं लागतं. पृथ्वी तो वेग सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद या हिशोबाने कमी करत आणते, शून्य होतो, मग त्याच हिशोबाने खाली वाढवते. वर जाताना, अगदी वरच्या टोकाला आणि खाली येताना तिन्ही चित्रांत बाण एकच आणि तेवढाच. ही तीन चित्रं शेजारी शेजारी काढून घ्या मुलांकडून. वेगाचा बाण दाखवायचाच असेल तर वस्तूपासून लांब, बाजूला, दुसऱ्या रंगाच्या खडूने. पोरं घोळ घालतात तो इथेच, वेग आणि बल एकाच चित्रात एकाच रंगात आले की झालं.

आता तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाचं. त्याला साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर न्या. खरोखरचा साकव जवळपास असेल, पोफळीच्या खोडांचा किंवा फळ्यांचा, तर उत्तमच, नाहीतर दोन चिऱ्यांवर एक लांब पातळ फळी टाका. आधी एक लहान पोर उभं करा, फळी थोडी वाकेल. मग दांडगा मुलगा, जास्त वाकेल. वाकलेली फळी सरळ व्हायला बघते आणि सरळ होता होता पायाला वर ढकलते, हे पोरांना पायाखाली कळतं, सांगावं लागत नाही. मग जाड फळी घ्या, वाकणं दिसेनासं होतं. तिथे थांबून विचारा, ढकलणं बंद झालं का? मग सिमेंटचा साकव, मग टेबल. ही पायरीपायरीने न्यायची गोष्ट आहे, एकदम टेबलावर उडी मारली की पोराला पटत नाही आणि ते बरोबरच आहे त्याचं.

टेबल वाकतं हे दाखवायचंही एक साधन आहे. टेबलाच्या मधोमध छोटा आरसा आडवा ठेवा, त्यावर लेझर पॉइंटर तिरका मारा, म्हणजे लाल ठिपका समोरच्या भिंतीवर जाईल. भिंत जितकी लांब तितकं चांगलं. पॉइंटर टेबलावर नाही हं, वेगळ्या स्टुलावर पक्का बसवायचा. आता आरशाच्या एका बाजूला हाताने टेबल दाबा, भिंतीवरचा ठिपका सरकतो. हात काढला की परत जागेवर. टेबलाचं वाकणं केसाएवढंही नसतं, पण ठिपका बोटभर हलताना सगळ्या वर्गाला दिसतो. डोळ्यांना लेझर लागू देऊ नका, पोरांच्या हातात पॉइंटर द्यायचा नाही.

वजन आणि वस्तुमान आधी की नंतर, तर माझ्या मते नंतर. गोल, रेघा, बाण झाले की वजन म्हणजे फक्त "पृथ्वीचं वस्तूवर" या बाणाचं नाव आहे, एवढं सांगून भागतं.

---

अकरावी_फिजिक्स

कातळसडा सरांनी पाया सांगितलाच आहे. मी रत्नागिरीला ज्युनियर कॉलेजवर फिजिक्स शिकवतो, म्हणजे तुमच्याकडून येणारी मुलं माझ्याकडे येतात, तर वरच्या बाजूने काय दिसतं ते लिहितो.

सगळ्यात मोठा घोळ क्रिया आणि प्रतिक्रियेचा. मॅडम तुमच्या वर्गात ज्यांनी पुस्तकावर दोन्ही बाण काढले त्यांना विचारून बघा की हे दोन सारखे का? दहातले आठ-नऊ म्हणतील न्यूटनचा तिसरा नियम. चूक. पृथ्वीचं पुस्तकावर आणि टेबलाचं पुस्तकावर ही दोन्ही बलं पुस्तकावरच आहेत, ती जोडी असूच शकत नाही. ती सारखी आहेत कारण पुस्तक स्थिर आहे, म्हणजे संतुलित बलं, आणि तेही फक्त तोपर्यंतच जोपर्यंत दुसरं कोणी वरून दाबत नाही. वरून हाताने दाबा, टेबलाचं बल वाढतं, पृथ्वीचं तेवढंच राहतं. तिसऱ्या नियमाची जोडी कशी ओळखायची तर सर म्हणतात तसं नाव पूर्ण लिहायचं आणि नावं उलटी करायची. पृथ्वीचं पुस्तकावर, याची जोडी पुस्तकाचं पृथ्वीवर. टेबलाचं पुस्तकावर, याची जोडी पुस्तकाचं टेबलावर. एका फ्री बॉडी डायग्रॅममध्ये जोडीतला एकच बाण येतो, दुसरा दुसऱ्या वस्तूच्या चित्रात जातो. हे नववीत नुसतं एवढं जरी झालं तरी आमचं अर्धं काम हलकं होईल, मनापासून सांगतोय.

दुसरं, नॉर्मल फोर्स (टेकलेला पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो ते बल) म्हणजे वजनाच्या उलट वर, असं डोक्यात बसतं कारण सगळी उदाहरणं सपाट टेबलाची. एखादं उतारावरचं घ्याच. आपल्याकडे सपाट शोधावं लागतं, उतार कुठेही मिळतो. घाटात उभी राहिलेली एसटी काढायला सांगा, इंजिन बंद, ब्रेक लावलेला. पृथ्वीचा बाण सरळ खाली, रस्त्याचा एक बाण रस्त्याला काटकोनात म्हणजे थोडा तिरका, आणि रस्त्याचाच दुसरा घर्षणाचा, चढाच्या दिशेने वर. रस्त्याला काटकोनात हा शब्द पोरांच्या तोंडून आला पाहिजे.

आणि हे तुमच्यासाठी नाही पण कोणी अकरावीवाले वाचत असतील तर, वजनाचे दोन घटक करताना मुलं मूळ बाण पण ठेवतात आणि घटकांचे दोन बाण पण ठेवतात, म्हणजे एकच बल दोनदा मोजलं जातं. घटक वेगळ्या चित्रात करायला लावा. एमए हा बाण नाही, ती बेरीज करून आलेली गोष्ट आहे. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला सेंट्रिपीटल (केंद्राकडे ओढणारा) नावाचा वेगळा बाण काढतात, तोही नाही, तिथे दोरीचा ताण किंवा घर्षण किंवा गुरुत्वाकर्षण यातलंच कोणीतरी आत ओढत असतं.

सुपारीच्या बाणाचं वाईट वाटून घेऊ नका मॅडम, हे जगभर असंच आहे. 1982 मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना नाणं वर उडवलेलं दिलं होतं, तिथेही भरपूर मुलांनी वरचा बाण काढला होता. नंतर 1992 मध्ये हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची टेस्ट छापली, तिच्यात गणित जवळजवळ नाहीच, नुसते असले साधे प्रश्न आणि चुकीच्या पर्यायांत पोरांच्या मनातल्या ह्याच समजुती. गणितं सोडवता येणारी मुलं त्यात अडकतात. तुमच्या वर्गात झालं ते तेच आहे.

---

रापणकर

मी शिक्षक नाही, डिप्लोमा मेकॅनिकल केलंय आणि आमचं घर मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं. ताई तुमच्या पोरांतली बरीचशी समुद्राकाठचीच असणार, त्यांना रापण द्या की काढायला.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेने उभी राहून दोर ओढत जाळं आणतात. आता त्यातला एकच माणूस घ्या आणि त्याचा फ्री बॉडी डायग्रॅम काढा. त्याला शिवतंय कोण, दोर आणि वाळू. न शिवता ओढतेय पृथ्वी. दोराचा त्याच्यावरचा बाण समुद्राकडे, हे पोरं पहिल्यांदा उलटं काढतील कारण तो ओढतोय किनाऱ्याकडे. पण तो ओढतोय दोराला, दोर ओढतोय त्याला, आपण चित्र माणसाचं काढतोय. मग तो समुद्रात का जात नाही? कारण वाळू त्याच्या पायाला किनाऱ्याकडे ढकलतेय. हा वाळूचा बाण कोणीच काढत नाही बघा, आणि सगळी रापण त्याच्यावर चालते. म्हणून तर आमचे लोक टाचा वाळूत रुतवून, मागे रेलून ओढतात. पाय सुटला की ताकद कितीही असूदे उपयोग नाही, माणूस फरफटत पुढे. भुसभुशीत कोरड्या वाळूत पाय सरकतो, ओलसर घट्ट वाळूत टाच धरते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, त्याला फक्त बाण काढायला सांगायचं बाकी आहे.

आणि दोन स्प्रिंगकाटे आहेत म्हणालात ना, ते एकमेकांना हुकाने अडकवा आणि दोन पोरांना दोन बाजूंनी ओढू द्या. एक दांडगा घ्या, एक बारका घ्या. सांगा की दांडग्याच्या काट्यावर जास्त दाखवून दाखव. नाही दाखवता येणार, दोन्ही काटे सारखंच दाखवतात, काहीही करा. मग बारक्याला सांगा की तू ओढू नको, नुसता धरून उभा राहा. तरी सारखंच. मग बारक्याच्या जागी खिडकीचा गज. तरी सारखंच. रस्सीखेचमध्ये जिंकणारा दोरी जास्त ओढतो असं सगळ्यांना वाटतं, पण दोरी दोघांना सारखंच ओढते (दोरीचं वजन सोडून द्या), जिंकतो तो ज्याला जमीन जास्त ढकलते.

---

तागडी

मला एक कळलं नाही. वजन म्हणजे पृथ्वीचं वस्तूवर लागणारं बल असं वर म्हटलंय. मग अंतराळात तरंगणाऱ्या माणसाचं वजन शून्य म्हणतात ते काय? आणि मच्छीमार्केटात काटा किलोत दाखवतो, न्यूटनमध्ये नाही, मग ते वजन की वस्तुमान? माझी मुलगी दहावीला आहे, तिने विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. मला तर वाटतं काटा दाखवतो ते वजन, एवढी साधी व्याख्या ठेवली तर पोरांना सोपं पडेल.

---

अकरावी_फिजिक्स

तागडी, काटा दाखवतो ते वजन अशी व्याख्या काही ठिकाणी खरंच शिकवतात, तिला आपलं स्वतःचं तर्कशास्त्र आहे. पण आपल्या बोर्डाच्या पुस्तकात वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने वस्तूला ओढते ते, एम गुणिले जी (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण), त्यामुळे शाळेत तीच धरावी, नाहीतर मुलीचा घोळ होईल.

काटा नेमकं काय मोजतो हे मात्र सांगायलाच हवं. तुम्ही काट्यावर उभे आहात तेव्हा काट्याला पृथ्वीची ओढ कळत नाही, त्याला फक्त तुमचे पाय किती दाबतायत ते कळतं. स्थिर उभे असलात की ते दाबणं आणि तुमचं वजन सारखं म्हणून आपण काट्यावरून वजन वाचतो. लिफ्ट वर निघताना दोन्ही वेगळे होतात. समजा 50 किलोचा माणूस, वजन 490 न्यूटन, लिफ्ट वरच्या दिशेने 1 मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणाने निघाली तर काटा 540 न्यूटनचं दाबणं बघतो आणि किलोत 55 च्या आसपास दाखवतो. पृथ्वीने ओढ वाढवलेली नाही, 490 च आहे. लिफ्ट नसेल तर हुकाच्या काट्याला दगड लावा आणि काटा झटकन वर उचला, काटा क्षणभर जास्त दाखवतो, झटकन खाली आणा, कमी दाखवतो. मुलीला घरीच दाखवता येईल.

अंतराळ स्थानकाचं पण तेच. ते जमिनीपासून साधारण 400 किलोमीटरवर फिरतं, तिथे जी 8.7 च्या आसपास आहे म्हणजे इथल्या जवळजवळ 90 टक्के. ओढ शून्य वगैरे काही नाही. माणूस आणि स्थानक दोन्ही एकत्र पडत असतात, कोणी कोणाला दाबत नाही, म्हणून काटा असता तर शून्य दाखवला असता.

आता किलो. बाजारातला डिजिटल काटा मोजतो दाब म्हणजे बल, आणि आतल्या आत हिशोब करून किलो दाखवतो, तो हिशोब पृथ्वीचा धरून केलेला असतो. जुनी दोन पारड्यांची तागडी मात्र खरंच वस्तुमान ताडते, कारण वजनमाप आणि मासे दोघांनाही ओढ तीच. चंद्रावर नेलंत तर दोन पारड्यांच्या तागडीवर एक किलो सुरमई एक किलोच भरेल आणि स्प्रिंगकाटा साधारण एक षष्ठांश दाखवेल. पृथ्वीवर जागोजागी जी मधला फरक फारच थोडा, विषुववृत्तावर 9.78, ध्रुवांवर 9.83, आपल्या कोकणात 9.78 च्या जरासं वर. 9.8 घ्या आणि पुढे चला.

---

विज्ञान_देवगड

खूप खूप आभार सगळ्यांचे. गोल आणि रेघा आजच एका वर्गावर करून बघितलं, सुपारीचा वरचा बाण पोरांनी स्वतः पुसला. एका मुलीने मात्र विचारलं की मग सुपारी पण पृथ्वीला वर ओढते का, मी हो म्हटलं, तेवढ्याच बलाने, फक्त पृथ्वीचं वस्तुमान एवढं प्रचंड की तिला काही कळत नाही. तिला पटायला वेळ लागला पण पटलं.

रापणीचं उद्या घेणार, आमच्याकडे त्या घरातली मुलं आहेत. ती एरवी या तासाला गप्प असतात, त्यांनाच फळ्याजवळ बोलावणार आहे.

आता एक पुढचं. होडीचा विषय निघाला आणि एकजण म्हणाला की पाण्यात दगडाचं वजन कमी होतं, नांगर पाण्यातून वर काढताना हलका लागतो आणि पाण्याबाहेर आला की जड. मी म्हटलं वजन तेवढंच असतं, पाणी खालून ढकलतं. तर दुसरा म्हणाला, मग पाण्याला पण दगड खाली ढकलत असणार ना, तिसरा नियम. ते कुठे दिसतं? मी उत्तर दिलं पण मला ते दाखवायचंय. स्प्रिंगकाटा आणि डिजिटल काटा यात काही जमेल का?

---

कातळसडा

जमेल, आणि फार सुंदर जमेल. मुलाचा प्रश्न अगदी योग्य जागी लागलाय.

डिजिटल काट्यावर पसरट नको, उभं भांडं ठेवा, अर्ध्याहून थोडं जास्त पाणी. काट्यावर आकडा लिहून घ्या किंवा शून्य करून घ्या, तसं बटण बहुतेक असतंच. हुकाच्या काट्याला दोऱ्याने दगड बांधा, साधारण 600 ग्रॅमचा काळा दगड घ्या. चिऱ्याचा तुकडा घेऊ नका, तो सच्छिद्र, पाणी पितो, बुडबुडे येत राहतात आणि आकडे सरकत राहतात. काळा दगड पाण्याच्या जवळपास तिप्पट घन असतो म्हणजे 600 ग्रॅमला आकारमान साधारण 200 मिलिलिटर.

हवेत हुकाचा काटा 600 ग्रॅम म्हणजे 5.9 न्यूटनच्या आसपास दाखवेल. आता दगड हळूहळू पाण्यात सोडा. सगळ्या वर्गाला एकदम दिसणार नाही, म्हणून दोन मुलं पुढे घ्या, एक हुकाचा काटा मोठ्याने वाचेल, दुसरं खालचा. दगड जसजसा बुडतो तसा वरचा काटा उतरत जातो, 550, 500, 450, आणि त्याच वेळी खालचा चढत जातो, 50, 100, 150. दगड पूर्ण बुडला की वरचा 400 च्या आसपास आणि खालचा 200 च्या आसपास वाढलेला. मग आणखी खोल सोडा, दोन्ही जिथल्या तिथे राहतात. जितकं वर कमी झालं तितकंच खाली वाढलं, मुलं स्वतःच बेरीज करून सांगतात, आपण बोलायचं नाही.

मग चित्रं दोन वेगळी. दगडाचं चित्र, पृथ्वीचं दगडावर 5.9 खाली, दोऱ्याचं दगडावर 3.9 वर, पाण्याचं दगडावर 2 वर. वजनाचा बाण हवेतल्या चित्रात होता तेवढाच काढला का ते तपासा, पुष्कळ जण तो लहान करतात. दुसरं चित्र भांड्यासकट पाण्याचं, पृथ्वीचं पाण्यावर खाली, दगडाचं पाण्यावर 2 खाली, काट्याचं वर, तेही 2 ने वाढलेलं. त्या मुलाने विचारलं ना कुठे दिसतं, तर ते खालच्या काट्यावर आकड्यात दिसतं.

दगडाचं भांड्याच्या तळाला टेकणं मात्र सांभाळा. टेकला की हुकाचा काटा एकदम ढासळतो, दोरा ढिला पडतो आणि खालचा आकडा उडी मारून वर जातो. पहिल्या वेळी टेकू देऊ नका. सगळं झाल्यावर मुद्दाम टेकवा आणि विचारा, आता दगडाला नवीन कोण शिवलं, आणि चित्रात कुठला बाण वाढवायचा.